कच्ची वही, पक्की वही

वरणगावच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे. मामांनी ती माझ्यादेखत कधी उघडली नव्हती. यंदा मे महिन्यात मी चार दिवस राहायला गेले, तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यांनी ती स्वतःहून खाली काढायला लावली. त्याला कारण मीच. मी त्यांना डिवचलं होतं.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. फरशी अजून चटके देत होती म्हणून मामींनी तिच्यावर पाणी शिंपडलं होतं. मी म्हणाले, "मामा, मुंबईच्या साहेब लोकांनी आपल्या मंडळाच्या शंभर वर्षांचा जाडजूड इतिहास लिहून घेतला. खानदेशच्या व्यापाऱ्यांनी काय ठेवलं?"

"आम्ही पत ठेवली," मामा म्हणाले. "कागद ठेवायला जागा लागते."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. सतराव्या वर्षी अडतीच्या दुकानात लागले आणि तिथेच दिवाणजी म्हणून म्हातारे झाले. आधी कापूस, पुढे धान्य. मी मुंबईत जुन्या कागदांचं काम करते. कुणाची दप्तरं आली की धूळ झाडायची, पानं मोजायची, यादी करायची. सध्या एका व्यापारी मंडळाची जुनी कार्यवृत्तं माझ्या टेबलावर आहेत. नाव सांगत नाही, कारण त्यांनी ती ज्या अवस्थेत आणून दिली ते सांगितलं तर त्यांना बरं वाटणार नाही.

"पण हे चेंबर-चेंबर काय करून राह्यली तू?" मामांनी विचारलं. "व्यापाऱ्यांचं मंडळच ना शेवटी? आमचंही होतं. दुकानाच्या ओट्यावर बसायचं. भाव ठरायचे, भांडणं मिटायची, दोन दिवसांत कुणाची हुंडी परत येनार तेही कळायचं. रजिस्टर तेवढं नव्हतं."

"रजिस्टर नव्हतं म्हणूनच आज ते मंडळ नाही."

"मंडळ नाही कारण मानसं मेली. रजिस्टर असतं तं ती काय उठून बसली असती?"

या माणसाशी वाद घालताना आधी थोडा इतिहास पुढ्यात टाकावा लागतो, म्हणजे तो त्यात गुंततो. मी तसं केलं. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स निघालं २२ सप्टेंबर १८३६ ला. मद्रासचं चेंबर त्याच महिन्यातलं. ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारातली उरलीसुरली मक्तेदारी संपून तीन वर्षं झाली होती आणि खासगी पेढ्यांना सरकारशी एका तोंडाने बोलायला कुणीतरी हवं होतं. मुंबईचं हे मंडळ बराच काळ गोऱ्या पेढ्यांच्या मुठीत राहिलं, म्हणून १९०७ मध्ये देशी व्यापाऱ्यांनी इंडियन मर्चंट्स चेंबर काढलं, मनमोहनदास रामजी त्याचे पहिले अध्यक्ष. त्यातही मुंबई शहराचंच चाले. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राचं गाऱ्हाणं मांडायला १९२७ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी महाराष्ट्र चेंबर उभं केलं. मग १९३४ मध्ये पुण्यात मराठा चेंबर, अ. रा. भटांच्या खटपटीतून.

मामांनी सुपारी कातरता कातरता ऐकलं आणि म्हणाले, "म्हनजे सगळे एकमेकांवर रुसून निघालेले."

मला हसू आलं, पण हे वाक्य मी लिहून ठेवलं. चेंबरांच्या स्मरणिकांमध्ये स्थापनेमागची जी उदात्त कारणं छापलेली असतात, त्यांच्यापेक्षा हे खरं आहे. एका दारातून आत घेतलं नाही की दुसरं दार. आणि वरणगावसारख्या गावाला एकाही दाराची पायरी मिळाली नाही. रेल्वेने भुसावळ मोठं केलं, कापसाने जळगाव, गिरणीने अमळनेर. सुरत-कलकत्ता हमरस्त्यावर असूनही वरणगावच्या नावाने बाहेर काय ओळखलं जातं, तर १९६४ पासूनचा दारूगोळ्याचा कारखाना. गावातले सर्वांत जास्त कागद त्या कुंपणाच्या आत असणार, आणि ते वाचायला मागण्याची सोय नाही.

"तुझ्या त्या मुंबईच्या कागदांत वरणगाव आहे का?" मामांनी विचारलं. हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं.

"वरणगाव नाही. खानदेश आहे."

"काय म्हनून?"

"तक्रार म्हणून."

आणि हेच मला त्यांना सांगायचं होतं. चेंबर पत्र लिहायला बसतं ते काहीतरी बिघडलं की. डबे मिळत नाहीत, जकात वाढली, गोदीत माल भिजला, वजन कमी भरलं, तारयंत्र बंद पडलं. सगळं सुरळीत चाललंय असं पत्र कुणी कुणाला लिहीत नाही. म्हणून चेंबरचं दप्तर हा व्यापाराच्या दुखण्यांचा केसपेपर असतो. खानदेशचं त्यातलं दुखणं म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईत भाव आभाळाला भिडले. खानदेश आणि वऱ्हाडावर सगळ्यांची नजर वळली. थळ घाटातला रेल्वेमार्ग १८६५ मध्ये खुला झाला, १८६७ मध्ये गाड्या नागपूरपर्यंत जाऊ लागल्या. याच लोहमार्गावर वरणगाव स्टेशन आहे. माल मुंबईला पोचायचे दिवस कमी झाले आणि मालात काय काय भरलेलं असतं ते साहेबाला जास्त वेळा कळू लागलं. सरकी, माती, पाणी. कापसातली लबाडी रोखायला मुंबई सरकारने १८२९ मध्ये एक नियम केला होताच. १८६३ मध्ये नवा कायदा आला, तपासनीस नेमले गेले. पुढे कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी गावठी कापूस हटवून हिंगणघाटचं बी पेरायला लावण्याचा खटाटोप केला, आणि तो नुसत्या विनवणीने केला नव्हता.

"पानी कोन मारायचं, ते लिहिलंय का कुठे?" मामांनी अडकित्ता खाली ठेवला.

"देशी दलाल, देशी व्यापारी. असंच लिहितात."

"बरोबर. लिहिणारा साहेब, म्हनून दलाल चोर. दलालाने लिहिलं असतं तं शेतकरी चोर. शेतकऱ्याला लिहिता येत नव्हतं, नाही तं त्यानं आमच्या तराजूबद्दल लिहिलं असतं. मी तराजूपाशी चाळीस वर्षं उभा होतो, माय. मला विचार."

मग त्यांनी तराजूबद्दल जे सांगितलं ते कुठल्याही कार्यवृत्तात मिळालं नसतं. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची आणि भाव ठरवायचा, म्हणजे माल ज्याचा त्यालाच कळू नये कितीला गेला. हे त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं, त्यांच्या आधीच्या दिवाणजींनी सांगितलं होतं. वजनातून कडता. मग हमाली, तोलाई, नमुन्याचा कापूस, धर्मादाय. धर्मादाय गोशाळेला किंवा देवळाला जायचा, क्वचित शाळेलाही, पण जायचा तो शेतकऱ्याच्या पैशातून आणि पाटी लागायची शेठजींच्या नावाची. या सगळ्याला लगाम घालायला १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा झाला. त्याखाली जे बाजार आधी आले त्यांत धुळ्याचा होता.

"त्या कायद्याला व्यापारी मंडळांनी विरोध केला असेल," मामा म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"आम्ही पन केला असता."

मामांचं हे मला आवडतं. ते स्वतःला वगळून बोलत नाहीत. पण त्यांचा खरा मुद्दा अजून यायचा होता, आणि तो आला तो १९७२ च्या निमित्ताने. त्या वर्षी महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. राज्यातला सगळा कापूस सरकार घेणार, खासगी व्यापाऱ्याने कच्च्या कापसाला हात लावायचा नाही. त्यांचं दुकान एका हंगामात बसलं. शेठजी धान्याकडे वळले.

"तुला त्या वर्षाची वही दाखवली," मामा आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तं तुला दिसेल की आमच्या दुकानाने कापसाचं एक बोंडही घेतलं नाही."

"आणि खरं काय?"

"बऱ्हाणपूर इथून किती लांब आहे?"

लांब नाही. रावेर ओलांडलं की मध्य प्रदेश. सीमेपलीकडे भाव जास्त असला की इकडचा कापूस रात्री तिकडे जायचा, हे त्या काळात राज्यभर सगळ्यांना माहीत होतं, विधानसभेपासून नाक्यावरच्या पोलिसापर्यंत.

"एक कच्ची वही असते आणि एक पक्की," मामा म्हणाले. "कच्चीत जे घडलं ते. पक्कीत जे दाखवायचं ते. कच्ची हंगाम संपला की चुलीत. पक्की कपाटात. आता तू म्हनतेस, कपाटातले कागद जपा, त्यावरून इतिहास लिहू. लिहा. पक्क्या वहीचा इतिहास लिहाल. आनि तुझं ते चेंबरचं कार्यवृत्त, ते तं पक्कीचीही पक्की. मीटिंगमधे कोन ओरडलं, कोन उठून गेलं, ते लिहितात का त्यात? 'साधकबाधक चर्चा झाली.' झालं."

माझ्या टेबलावरच्या कार्यवृत्तांत 'साधकबाधक चर्चा झाली' हे शब्द इतक्या वेळा येतात की मी मोजायचं सोडून दिलं आहे. त्यामुळे लगेच उत्तर सुचलं नाही. मामींनी चहा आणला आणि मला वेळ मिळाला.

चहानंतर मी दुसरीकडून शिरले. पक्की वही खोटी असते हे मान्य, पण ती कशाबद्दल खोटी आहे हे तर ती सांगतेच. सरकारी खरेदीच्या वर्षांत सगळ्या दुकानांच्या वह्यांतून कापूस एकदम नाहीसा होतो, आणि त्याच वर्षी ट्रकभाड्याचा खर्च वाढलेला दिसतो. वाचणाऱ्याला डोळे असले की झालं. शिवाय खोटं बोलायलाही आकडे लागतात. बॉम्बे चेंबरचे मापारी गोदीत गाठी मोजून दाखले देत. त्या दाखल्यावर जहाजाचं भाडं ठरे, म्हणून तिथे दोन्ही बाजूंची नजर असे. असा आकडा सहजी खोटा निघत नाही. सुलिव्हन नावाच्या लेखकाने १९३७ मध्ये त्या चेंबरच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहिला, 'वन हंड्रेड इयर्स ऑफ बॉम्बे'. नाव शहराचं, गोष्ट चेंबरची. दोन्ही एकच असल्याचा तो आव बघून राग येतो, पण आत कामाचा ऐवज आहे.

"आणि मामा, साहेबाच्या कागदात शेतकरी अगदीच नाही असं नाही. मँचेस्टरच्या चेंबरने लिव्हरपूल, ब्लॅकबर्न आणि ग्लासगोच्या चेंबरांना सोबत घेऊन अलेक्झांडर मॅके नावाचा माणूस पाठवला होता, १८५० च्या सुमारास. हिंदुस्थानातून कापूस चांगला का येत नाही ते बघायला. तो फिरला मुख्यतः गुजरातकडे. परतताना वाटेतच वारला. त्याचे अहवाल १८५३ मध्ये पुस्तक म्हणून निघाले. त्याने रस्त्यांना दोष दिला, आणि सरकारच्या शेतसाऱ्यालाही."

"काहून? त्याला काय पुळका?"

"पुळका नाही. त्याला कापूस हवा होता. सारा जास्त म्हणून शेतकरी नागवला जातो, नागवला म्हणून कापूस वाईट पिकतो, असा हिशेब."

"मंग ठीक," मामा म्हणाले. पुळक्यापेक्षा हिशेबावर त्यांचा विश्वास जास्त.

पण ते थांबले नाहीत. "आता मला सांग, त्याच सालांत इथे काय झालं ते त्याच्या पुस्तकात आहे का? सावद्याला?"

१८५२. सरकारने खानदेशात जमिनीची नवी मोजणी काढली आणि सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, एरंडोल या पट्ट्यात हजारो शेतकरी एकत्र जमून मोजणीविरुद्ध उभे राहिले. शेवटी पलटण आणावी लागली. सावदा इथून तापीपलीकडे, हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ. वरणगावच्या शाळेत हे कधी शिकवलं गेलं नाही, आणि मी ते वाचलं मुंबईत, इंग्रजीतून. मामांनी ते आजोबांकडून ऐकलं होतं, त्यात साल नव्हतं.

"मोजनीची साखळी म्हनजे कागदच," मामा म्हणाले. "त्या लोकांना कळलं होतं की एकदा कागदावर चढलं की सुटका नाही. पुढे तिकडे पुण्या-नगरकडे सावकारांच्या वह्या जाळल्या ते काय उगाच?"

मे १८७५, सुपे. दख्खनचे दंगे. जमावाने खतं, रोखे, वह्या मागून घेतल्या आणि पेटवल्या. मारझोड कमी, जाळपोळ कागदांचीच. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जाबाबत कायदा झाला.

"म्हणजे कागद जाळणाऱ्याचं म्हणणंही शेवटी कागदातूनच कळलं," मी म्हणाले.

"कळलं. पन जाळला तेव्हा तो शहाणा होता, हे तुला मान्य करावं लागेल."

मी केलं. ज्याच्या घरात कुलपी पेटी असते त्याच्याच गोष्टी उरतात, हे माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला मनातून माहीत असतं. आम्ही ते परिसंवादात बोलतो आणि मग पुन्हा पेट्याच शोधत जातो.

इथे मला १९२७ या सालाबद्दल जरा लांबण लावायची आहे, कारण मामांनाही त्याचं नवल वाटलं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. आयुष्यभर पायी गावोगाव फिरून त्यांनी दप्तरं हुडकली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. ते गेल्यावर नऊच दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ ला, धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ स्थापन झालं. त्याच वर्षी वालचंदांचं महाराष्ट्र चेंबर. त्याच वर्षी कापूस बाजार कायदा. त्याच वर्षी देशभरच्या चेंबरांचा महासंघ, म्हणजे आजचा फिक्की. एकाच वर्षात कागद जपणारे एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांची कधी गाठ पडली असं दिसत नाही. राजवाड्यांच्या परंपरेत सनदा आल्या, वतनाचे तंटे आले, सरदारांची पत्रं आली. पेठेत शेटे-महाजन नावाचे वतनदार असत. त्यांचे मानपानाचे कागदही आले. पण अमुक दिवशी धरणगावच्या बाजारात कापूस काय भावाने गेला, हे सांगणारी कीर्द-खतावणी शोधायला कुणी मुद्दाम वाकडी वाट केली असेल, तर ते माझ्या वाचनात नाही. आपल्याकडे इतिहास म्हणजे तलवार, फार तर नांगर. तराजूला आपण इतिहासात बसायला पाट दिला नाही. मराठी माणसाने व्यापार केला नाही म्हणून रडायचं, आणि ज्यांनी केला त्यांच्या वह्या रद्दीत घालायच्या, हे आपलं जुनंच.

"अमळनेरला विचारा कागद जपला की काय होतं ते," मी मामांना म्हणाले. १९४५ मध्ये अमळनेरला तेलाची गिरणी म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली. तिचे थोडेसे शेअर ज्यांनी घेतले आणि विकायचं विसरून गेले, त्यांच्या पोरांनी ट्रंक उघडली तेव्हा कागदाचे कोटी झाले होते.

"तो कागद पैसे देतो. कार्यवृत्त काय देतं? आनि ज्यांनी पोरीच्या लग्नात विकून टाकला, त्यांचं नाव कोन घेतं?"

यालाही उत्तर नव्हतं.

कायदाही मामांच्याच बाजूने आहे, एक अपवाद सोडून. जीएसटीचे कागद सहा वर्षं ठेवायचे, कंपनीच्या हिशेबाच्या वह्या आठ वर्षं. नंतर तुमची मर्जी. कंपनीच्या सभांची कार्यवृत्तं मात्र कायमची ठेवावी लागतात. म्हणजे हिशेब जातो आणि 'साधकबाधक चर्चा' अमर होते. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा २००५ चा, पण तो सरकारी कागदांसाठी. व्यापारी मंडळाने आपलं कपाट रिकामं केलं तर कुणी विचारत नाही. आमच्याकडे आलेलं दप्तर असंच आलं, सभागृहाचं वातानुकूलन करायचं ठरलं आणि कपाटाची जागा हवी होती म्हणून. टाटा, गोदरेज यांनी स्वतःची अभिलेखागारं उभी केली. पुरुषोत्तमदास ठाकुरदासांचे कागद दिल्लीला सुरक्षित आहेत, आणि त्यांच्यावाचून कापसाच्या बाजाराचा इतिहास लिहिणाऱ्याचं पान हलत नाही. जिल्ह्याच्या गावातल्या मंडळाला यातलं काही परवडत नाही, हे मला कळतं. एक कोरडी खोली आणि तिची किल्ली सांभाळणारा माणूस तरी परवडावा.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या वह्या रद्दीत नाही गेल्या. तुझा एक गैरसमज आहे. रद्दीवाल्याला आम्ही कधी दिल्या नाहीत."

"मग?"

"तापीत."

दिवाळीला नवी वही आली की लक्ष्मीपूजनाला तिची पूजा, पहिल्या पानावर श्री, शुभ-लाभ, कुंकवाची बोटं. देवाचं नाव ज्या कागदावर आहे त्यात कुणी भजी बांधायची नाहीत. म्हणून जुन्या वह्या लाल फडक्यात बांधून बैलगाडीने तापीवर न्यायच्या आणि निर्माल्यासारख्या सोडायच्या. मामांनी स्वतः सोडल्या होत्या, दोन-तीनदा.

मला कैरोची आठवण झाली. तिथल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्येही हीच अडचण होती. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही. पण त्यांनी तो नदीत सोडला नाही, एका बंद खोलीत टाकत गेले, शेकडो वर्षं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती खोली उघडली तेव्हा लाखो तुकडे निघाले, आणि त्यांत व्यापाऱ्यांची पत्रंही होती. बाराव्या शतकात मंगळूरला राहून मिरी-वेलचीचा व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू नावाच्या माणसाचे हिशेब त्यातून कळले. त्याला कुणी किती कागद भेट पाठवला आणि कुणाकडे किती येणं होतं, तेसुद्धा.

हे मी मामांना सांगितलं. श्रद्धा एकच, फक्त तिथे नदीऐवजी खोली होती.

त्यांनी लगेच विचारलं, "त्याचं येनं-देनं होतं त्याच्या पोरांना विचारलं का, हे छापू का म्हनून?"

"आठशे वर्षांनी?"

"आठशे वर्षांनी ठीक आहे. माझ्या वहीतली मानसं अजून गावात आहेत. त्यांची नातवंडं मला बाजारात राम राम करतात. कुनाच्या आज्याने बायकोची पाटली ठेवून बियानं नेलं, ते माझ्याकडे तारखेनिशी आहे. शेठजींनी मला दिवाणजी केलं ते अक्षर चांगलं म्हनून नाही. तोंड बंद म्हनून."

पेटी का उघडत नव्हते ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना गावंढळ, बेफिकीर समजत होते, आणि ते चाळीस वर्षं पहारा देत होते. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने हात पुसले आणि माझ्या मामेभावाला हाक मारली. पेटी ओट्यावर आली. तीन वह्या. दुकान मोडलं तेव्हा शेठजींच्या मुलाने त्यांना तापीवर न्यायला दिल्या होत्या, आणि त्यांनी त्या नेल्या नव्हत्या. का नेल्या नाहीत हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. संध्याकाळभर माझ्याशी उलट बाजूने भांडलेला माणूस होता तो.

वह्या लांबोळ्या, लाल कापडाच्या, मधे घडी पडलेल्या. एक संवत २०१८ ची, म्हणजे १९६१ ची दिवाळी ते १९६२ ची. तिच्यात अर्ध्यापर्यंत मण-शेर आणि मग किलो-क्विंटल. नवीन मापं सक्तीची झाली ते त्या पानावर बोट ठेवून दाखवता येतं. समासात बारीक अक्षरांत दिवाणजींनी स्वतःसाठी रूपांतराचा तक्ता लिहिला आहे. कापसाची खंडी मात्र तशीच राहिली. ७८४ पौंडांची ती खंडी आजही ३५६ किलोंची म्हणून बाजारभावात येते. टीव्हीवर भाव सांगणाऱ्या पोरांना त्याचं कारण माहीत असेल का, असं मामा म्हणाले.

मला वाचता येईना. मोडी मी शिकले आहे, पण ही मोडी नव्हती. मारवाडी पेढ्यांची मुडिया, काना-मात्रा नसलेली. मामांना हसू आलं. या लिपीतला जुना विनोद त्यांनी सांगितला. काकाजी अजमेरला गेल्याचं पत्र घरी पोचलं आणि घरच्यांनी 'काकाजी आज मर गया' असं वाचून रडारड केली. "साहेबाला नाही समजायची, जाळनाऱ्याला नाही समजायची, आनि आता तुलाही नाही," ते म्हणाले. "आता बोल, तुझ्या मुंबईला पाठवू? कोन वाचेल?"

"तुम्ही वाचा. मी लिहून घेते."

"सगळं नाही वाचनार."

"जेवढं वाचाल तेवढं."

मामींनी दिवा लावला. रेल्वे रुळांच्या बाजूने मालगाडी गेली, खूप लांबलचक, तिचा आवाज संपेपर्यंत ते थांबले. मग चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी मधलं एक पान काढलं. वर तिथी होती, खाली डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पहिल्या ओळीवर त्यांनी अंगठा ठेवला, शब्दाच्या बरोबर वर.

"लिही. ज्वारीचं बियानं, अर्धा मन. वायदा संक्रांतीचा. व्याज नाही."

"नाव?"

अंगठा हलला नाही. "नाव राहू दे. गाव लिही."

"कोणतं?"

"वरणगाव."